लाल डोक्याची पांढरी गाडी

खोका आधीच उघडलेला होता, म्हणूनच तो माझ्या हाती आला. किट म्हणजे सुटे भाग जोडून बनवायच्या छोट्या प्लास्टिकच्या गाडीचा संच. संग्राहकांमध्ये पारदर्शक वेष्टन फाटलं की किटचा भाव उतरतो, आणि आतला एखादा भाग फ्रेमवरून, म्हणजे सगळे भाग जिला जोडलेले येतात त्या चौकटीवरून, तोडलेला निघाला की कुणी हातही लावत नाही. या खोक्यातले तर सात भाग तोडलेले होते. कुणीतरी इंजिनाचे दोन अर्धे चिकटवले होते, दोन्ही सीटना ब्रशने जाडजूड तपकिरी रंग फासला होता आणि मग सगळं तसंच ठेवून दिलं होतं. चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या तळाच्या सांगाड्याच्या, खालच्या अंगाला, प्लास्टिक जोडायच्या सिमेंटने मऊ झालेल्या जागी, त्या माणसाच्या अंगठ्याचा ठसा उमटून कडक झाला होता. रेषा मोजता याव्यात इतका स्वच्छ.

गाडी होती फेरारी टेस्टारोसा, मापन १:२४. खरी गाडी १९८४ साली पॅरिसच्या मोटार शोमध्ये लोकांसमोर आली, पिनिनफरिना या इटालियन कंपनीच्या डिझाइनची. दारांवरून मागच्या चाकांकडे धावणाऱ्या त्या आडव्या पट्ट्या ज्याने एकदा पाहिल्या तो ही गाडी विसरत नाही. नुसती शोभा म्हणून नाहीत त्या. रेडिएटर मागे, दोन्ही बगलांना बसवलेले आहेत, त्यांना हवा पुरवणाऱ्या तोंडांवर या पट्ट्या आहेत. इटालियनमध्ये टेस्टारोसा म्हणजे लाल डोकं. १९५० च्या दशकातल्या रेसिंग गाडीला इंजिनावरच्या लाल रंगवलेल्या कॅम कव्हरमुळे, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणांमुळे, हे नाव पडलं, तिथे ते दोन शब्दांत होतं. १९८४ च्या गाडीने कव्हरही घेतली आणि नावही, फक्त जोडून लिहिलं.

मला ती पांढरी करायची होती. लाल फेरारी माझ्याकडे तीन आहेत आणि लांबून तिन्ही एकच वाटतात. पांढऱ्या अंगावर पट्ट्यांच्या सावल्या दिसतात, मागची काळी जाळी उठून येते, आणि इंजिनावरचं झाकण उघडलं की आत लाल डोकं. डोक्यात चित्र पक्कं होतं. अडचण एवढीच होती, की किटची बॉडी लाल प्लास्टिकमध्ये ओतलेली होती, आणि ही अडचण आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

माझ्या कपाटात चाळीसच्या वर खोके आहेत आणि आजवर बांधलेल्या गाड्या अकरा. हे गणित मी कुणासमोर मांडत नाही. किट घेणं आणि किट बांधणं हे दोन वेगळे छंद आहेत, आपण एकाच्या नावाखाली दुसरा करत असतो. वेष्टनातले खोके जपून ठेवणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण ते वेष्टन वर्षानुवर्षं आवळत जातं, खोक्याच्या कडा आत दबतात, झाकण वाकतं. जपलेली वस्तू जपण्यानेच वाकडी झालेली मी पाहिली आहे. (माझ्याकडेच आहे, दुसऱ्या कप्प्यात.)

मापनाचंही थोडं सांगते, कारण नव्या माणसाला ते हमखास बुचकळ्यात पाडतं. गाड्यांची जपानी किटं बहुतेक १:२४ असतात. म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट तो इथे अर्धा इंच. अमेरिकन किटं बरीचशी १:२५. त्याचं मूळ तिकडच्या शोरूममध्ये आहे. मोटार कंपन्या नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती विक्रेत्यांकडे पाठवायच्या, आणि अशा प्रतिकृती बनवणाऱ्या एएमटीने १९५८ मध्ये जोडायची किटं आणली. एकाच खोक्यातून गाडी तीन प्रकारे बांधता यायची: जशीच्या तशी, सजवलेली किंवा शर्यतीची. सुरुवातीच्या प्रतिकृती ॲसिटेट प्लास्टिकच्या होत्या, त्या काळाबरोबर वाकल्या, पॉलिस्टायरीनच्या टिकल्या. खरी टेस्टारोसा ४४८५ मिलिमीटर लांब. १:२४ मध्ये ती १८७ मिलिमीटर होते, १:२५ मध्ये १७९. आठ मिलिमीटरनी काय होतंय, असं वाटतं. दोन गाड्या शेजारी ठेवल्या की कळतं.

बाकी या वेडाला वरची पायरी नाही. तामिया या जपानी किट कंपनीने १९७० च्या दशकात पोर्शेचं १:१२ किट करताना खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून आतून मापून काढली. हे वाचलं तेव्हा मला माझे चाळीस खोके फारच माफक वाटले.

पहिला दिवस धुण्यात गेला. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट पदार्थ प्लास्टिकवर राहतो आणि रंग तिथेच दगा देतो, म्हणून सगळ्या फ्रेम भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने. जुन्या खोक्याची आणखी दोन दुखणी तेव्हाच लक्षात आली. एक, डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायच्या चित्रांचा, कागद पिवळा पडला होता. तो पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चिकटवला आणि उन्हाच्या भरवशावर सोडला. तीन आठवड्यांत पिवळेपणा जवळजवळ गेला. दोन, टायर. मऊ व्हिनाइलच्या टायरमधलं मऊपणा देणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि शेजारच्या स्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, खातं. इथे एक टायर डॅशबोर्डवर टेकून वर्षानुवर्षं पडला होता, आणि डॅशबोर्डच्या खालच्या कडेला टायरची नक्षी चक्क खोदली गेली होती. नशिबाने ती कड आत लपते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक खोक्यातले टायर वेगळ्या पिशवीत आहेत.

मग बॉडी. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे बारीक रेघ उठते. या गाडीत ती पुढच्या मडगार्डच्या माथ्यावरून जात होती, म्हणजे नेमकी जिथे उजेड पडतो तिथे. ब्लेड आडवं धरून ती खरवडली, मग ८०० आणि १००० चा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून. त्यानंतर दारांच्या, बोनेटच्या, पेट्रोलच्या झाकणाच्या फटी सुईसारख्या हत्याराने खोल केल्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि हात घसरला तर दारावर ओरखडा. पण न करून चालत नाही. हिशेब करा: मॉडेलवर रंगाचे सगळे थर मिळून एक दशांश मिलिमीटर झाले, तरी त्या मापनात तो जवळजवळ अडीच मिलिमीटरचा लेप झाला. खऱ्या गाडीला कुणी अडीच मिलिमीटर रंग दिला तर दार उघडेल का?

बॉडी रिकाम्या बाटलीवर अडकवली. आधी करडा प्रायमर, म्हणजे खालचा अस्तराचा रंग, दोन हात. लाल रंग पूर्ण झाकला गेला, पृष्ठभाग मऊ करडा, आणि त्या अवस्थेत गाडी जितकी सुंदर दिसते तितकी नंतर क्वचितच दिसते. दुसऱ्या दिवशी पांढरा. स्प्रेचा डबा पाच-सात मिनिटं कोमट पाण्यात ठेवला (कोमटच, गरम पाण्यात डबा ठेवणं हा वेडेपणा आहे), म्हणजे आतला दाब थोडा वाढतो आणि फवारा बारीक येतो. बटण गाडीच्या अलीकडे दाबायचं, हात गाडीवरून न्यायचा, पलीकडे गेल्यावर सोडायचं. पहिला हात नुसता धुक्यासारखा. दुसराही. तिसऱ्यापासून थोडा ओला. पांढरा झाकत नाही लवकर. कडांवरून तो पळतो आणि खाचांत साचतो. पाचव्या हातानंतर ती खरोखर पांढरी झाली. मी ती झाकून ठेवली आणि त्या रात्री चांगली झोपले.

नऊ दिवसांनी भाचा आला. टेबलावरची गाडी पाहून म्हणाला, “आत्या, गुलाबी का केलीस?”

मी त्याला हसले. म्हटलं, दिव्याचा रंग आहे. मग गाडी खिडकीशी नेली आणि शेजारी कोरा कागद धरला. गाडी गुलाबी होती. ढळढळीत नाही, धुतलेल्या पांढऱ्या शर्टाबरोबर चुकून लाल मोजा गेला की होतो तसा. पट्ट्यांच्या खाचांत, जिथे रंग ओला आणि जाड बसला होता, तिथे जास्त. तो बिचारा म्हणाला, “मला आवडली.”

काय झालं होतं ते मग वाचून आणि विचारून कळलं. लाल प्लास्टिकमधला रंग म्हणजे पुष्कळदा सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे रंग पातळ ठेवणाऱ्या आणि नंतर उडून जाणाऱ्या द्रावात, विरघळणारा डाय असतो. लॅकर रंगातला सॉल्व्हंट प्रायमर ओलांडून प्लास्टिकपर्यंत पोचतो, तिथला डाय थोडा सोडवतो आणि उडून जाताना त्याला घेऊन वर येतो. माझ्या करड्या प्रायमरने लाल रंग झाकला होता, अडवला नव्हता. वरून आणखी पांढरा मारावा असा मोह झाला. तसं करणाऱ्यांच्या कहाण्या आहेत: आठवड्याने तोही गुलाबी. आणि माझ्या फटींमध्ये आणखी थरांना जागा नव्हती.

मग उतरवणं. झाकणाच्या डब्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्यात बॉडी रात्रभर बुडवून. हा द्राव माझा रंग सोडवतो आणि स्टायरीनला धक्का लावत नाही, हे फ्रेमच्या तुकड्यावर आधी तपासलं होतं. सकाळी रंग कुठे फुगला होता, कुठे सायीसारखा सुटून तरंगत होता. हातमोजे, उघडी खिडकी आणि पुन्हा तोच टूथब्रश. पट्ट्यांच्या मधल्या फटीत ब्रश जात नाही, तिथे टोकदार केलेली लाकडी काडी. दोन संध्याकाळी नुसत्या त्या पट्ट्यांवर गेल्या. डाव्या बाजूच्या शेवटच्या पट्टीपाशी आले तेव्हा बारीक ‘टक्’ आवाज आला. काचेच्या बाजूचा पुढचा खांब, काडीपेटीतल्या काडीपेक्षा बारीक, माझ्या अंगठ्याखाली मोडला होता.

त्या दिवशी काम थांबवलं. एवढी एक गोष्ट मला वयाने शिकवली आहे.

दुसऱ्या दिवशी खांब जोडला. पातळ सिमेंट म्हणजे गोंद नव्हेच, ते प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं. दोन तुकडे जुळवून धरायचे, ब्रशचं टोक सांध्याला टेकवायचं, द्राव आपोआप फटीत ओढला जातो. किंचित दाबलं की विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक कड बाहेर येते, ती वाळल्यावर तासून टाकायची. दोन दिवस हात लावला नाही. सांधा आता शोधून सापडत नाही.

लाल अडवायचा उपाय चंदेरी रंग. त्यात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात, त्या कौलांसारख्या एकीवर एक पसरतात आणि डायला वर यायची वाट बुजते. पण चंदेरी रंगातही सॉल्व्हंट आहेच, म्हणून तो ओला मारायचा नाही. लांबून, कोरडे, पातळ हात. या वेळी मी आधी त्याच किटच्या रिकाम्या फ्रेमचे दोन तुकडे रंगवले, एक चंदेरीवर पांढरा, दुसरा नुसता पांढरा, आणि दोन आठवडे कपाटाच्या दाराला टेपने लावून ठेवले. नुसत्या पांढऱ्याला आठव्या दिवशी लाली आली. चंदेरीवरचा पांढराच राहिला. हे दोन आठवडे मी पहिल्याच वेळी दिले असते तर, वगैरे वगैरे.

त्या काळात बाकीची गाडी झाली. आधीच्या माणसाचं इंजिन मी ठेवलं. जोड किंचित तिरका होता, तो कानशीने सरळ केला. बारा सिलिंडर, सहा एकीकडे, सहा समोर आडवे, आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली, त्यामुळे सगळा डोलारा उंच बसतो. कॅम कव्हर रंगवायला घेतली तेव्हा मनात गंमत आली, की लाल प्लास्टिकवर लाल रंग ही या किटमधली एकमेव बिनधोक जागा. फेरारीच्या कव्हरचा लाल चकचकीत नसतो, थोडा खरखरीत दिसतो. शेवटचा हात मुद्दाम लांबून, अर्धवट वाळलेला मारला. सीटवरचा तपकिरी लेप उतरवला, खाली शिलाईच्या रेघा शाबूत होत्या. चॅसिस काळा केला. खालचा तो अंगठ्याचा ठसा तासायला पॉलिश पेपर हातात घेतला होता, मग म्हटलं खालची बाजू कोण बघतंय, राहू दे.

दुसऱ्यांदा पांढरा. चंदेरीवर पांढरा कमी हातांत झाकतो असं वाटलं, चार पुरले. मग चकाकीचा पारदर्शक लॅकर, तीन हात. वाळला की नाही हे बोट लावून नाही, नाकाने ठरवायचं: जवळ नेल्यावर वास येत असेल तर आत सॉल्व्हंट आहे, थांबायचं. मी दहा दिवस थांबले. पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारख्या बारीक खळ्या होत्या, त्या ३००० आणि मग ४००० च्या ओल्या पेपरने सपाट केल्या, नंतर घासून चकाकी आणायचं कंपाउंड, जाडं, बारीक, अतिबारीक. इथे शत्रू म्हणजे कडा. सपाट भागावर रंग जितका जाड असतो तितका कडेवर कधीच नसतो. उजव्या दारावरच्या पट्टीच्या टोकाशी पांढऱ्यातून एकदम करडी चमक दिसली. चंदेरी. अजून दोनदा हात फिरला असता तर लाल. मी हात वर केले, कुणी बंदूक रोखल्यासारखे. बाटलीच्या झाकणात थोडा पांढरा फवारून, अगदी बारीक ब्रशने तो ठिपका भरला.

फटींमध्ये गडद रंग उतरवण्याबद्दल माझं ठाम मत आहे. पांढऱ्या गाडीच्या फटीत काळा सोडला की ती व्यंगचित्रासारखी दिसते. फिका करडा पुरे. काळा फक्त हवेच्या तोंडांत आणि मागच्या जाळीत, तोही मॅट.

काचा पांढऱ्या गोंदाने बसवल्या, जो वाळला की पारदर्शक होतो. सुपरग्लूची वाफ काचेवर दुधी थर देते, हे एका जुन्या गाडीवर शिकून झालंय. तिची पुढची काच आजही धुक्यातली आहे. डिकल बसले, एक सोडून. ते पाण्यात पडताच तीन तुकडे झालं, त्याच्याविना गाडी आहे. आरसा एकच, चालकाच्या बाजूला, खांबाच्या निम्म्या उंचीवर; सुरुवातीच्या टेस्टारोसांना तसाच असायचा, आणि तो नेमका मी मोडून जोडलेल्या खांबावर येतो. तिथे सिमेंट लावताना श्वास धरला होता.

बॉडी चॅसिसवर बसवून गाडी काचेच्या तुकड्यावर ठेवली, तर मागचं डावं चाक अधांतरी. कागदाची दुहेरी घडी खालून सरकत होती. चॅसिस पिळलेला होता, बहुधा ठसा उमटला त्याच वेळी, जोर लावल्याने. पुन्हा सुटं केलं, चॅसिसचा मागचा भाग गरम पाण्यात धरला, हातांनी उलटा पीळ दिला आणि तसाच थंड पाण्याखाली नेला. तीनदा. चौथ्यांदा कागद अडला.

गाडी आता कपाटात आहे, तीन लाल फेरारींच्या शेजारी. भाचा आला की इंजिनाचं झाकण उघडतो, डोकं बघतो आणि बंद करतो. महिन्यातून एकदा मी ती खिडकीशी नेते आणि शेजारी कोरा कागद धरते. पाच महिने झाले, पांढरी आहे. फक्त पेट्रोलच्या झाकणाभोवतीच्या फटीत, जिथे मी हत्याराने जरा जास्तच खोल गेले होते, तिथे केसाएवढी गुलाबी रेघ आली आहे. मला ती दाराशी उभी राहूनही दिसते. इतरांना बोट ठेवून दाखवावी लागते.